मनीचे बिऱ्हाड

(गणेशोत्सव २०२५ मध्ये मंडळाच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या उत्सवात या व्यासपीठावरून राणी लक्ष्मीबाईंवर व्याख्याने झाली, लोकमान्यांवर झाली, ज्ञानेश्वरीवर झाली. यंदा कार्यकारिणीने मला मांजरीवर बोलायला सांगितले आहे. उंदीरमामाच्या धन्याच्या उत्सवात मांजरीचे गुणगान म्हणजे जरा धाडसच! पण गेल्या वर्षी आपल्या कोठीच्या खोलीत जे घडले, त्यावरून पुष्कळांनी मला वर्षभर प्रश्न विचारले. कोणी रस्त्यात थांबवून विचारले, कोणी फोनवर. तेव्हा एकदाच सगळे सांगावे, म्हणजे पुन्हा असा प्रसंग आला तर उपयोगी पडेल, असे ठरले. मी वक्ता नाही. वर्कशॉपच्या ऑफिसात हिशेब लिहिण्यात नोकरी गेली. त्यामुळे जे सांगेन ते हिशेबासारखे सरळ सांगेन.

झाले असे. २०२४ साली गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरला होती. आरासीचे सामान काढायला आपण रविवार, २५ ऑगस्टला कोठी उघडली. चौकीदार आधीच म्हणाला होता, "बाईजी, बिलैया ने बच्चा दए हैं." पाहतो तर कनातींच्या गाठोड्यात एक तिरंगी मांजरी, पांढरी, काळी, पिवळी, आणि तिच्या पोटाशी चार पिल्ले. डोळे मिटलेले, कान चिकटलेले, नाळेचा वाळलेला तुकडा अजून पोटाला होता. म्हणजे फार तर तीन-चार दिवसांची. मांजरी अंगाने वाळलेली, पण आम्हाला पाहून अशी फिस्कारली की दोन जण मागे सरले.

लगेच तिथल्या तिथे सभा भरली. आपल्या मंडळात सभा भरायला वेळ लागत नाही! एक मत पडले की पोत्यात घालून ओरछ्याच्या रस्त्याला सोडून यावे. दुसरे मत, आईला हाकलून द्यावे आणि पिल्ले मुलांनी घरी नेऊन वाढवावीत. तिसरे मत, आहे तिथेच राहू द्यावे, आरास यंदा साधी करू. प्रत्येक मतामागे आपापल्या परीने चांगलाच हेतू होता. पण या तिन्हींचा पिल्लांच्या जीवाशी काय संबंध येतो, ते आधी समजून घेतले पाहिजे.

पहिले मत घेऊ. बाळंतीण मांजर अनोळखी जागी सोडली तर तिला ना पाणी ठाऊक, ना आडोसा, आणि तिथल्या कुत्र्यांना व बोक्यांना ती परकी. ती स्वतः कदाचित जगेल, चार दिवसांची पिल्ले जगणार नाहीत. पोत्यात गुदमरून मेली तर गोष्ट आणखीच वेगळी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे जनावराला मारणे, विष घालणे किंवा लुळेपांगळे करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या सभेत मी हे कलम सांगितले तेव्हा पोते शोधायला गेलेले गृहस्थ परत येऊन बसले.

दुसरे मत सगळ्यांत दयाळू वाटते आणि सगळ्यांत जास्त पिल्ले त्यानेच दगावतात. रस्त्याच्या कडेला पिल्ले एकटी दिसली की आपल्याला वाटते, अनाथ आहेत बिचारी. बहुतेक वेळा ती अनाथ नसतात. आई खाणे शोधायला गेलेली असते, किंवा जागा बदलताना एकेक करून नेत असते. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे आपण म्हणतो, ते उगीच नाही. तेव्हा लांब उभे राहून दोन-चार तास वाट पाहावी. पिल्ले गुबगुबीत, उबदार आणि शांत झोपलेली असली तर आई आहे असे समजावे. अंग गार, पोट खपाटीला आणि सतत रडणे असेल तरच हात घालावा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, ही समजूतही खरी नाही. हात लागल्याने ती टाकत नाही. पण वारंवार येजा झाली तर घाबरून उचलून दुसरीकडे नेते, आणि त्या धावपळीत एखादे मागे राहते.

आई नसेल तर काय करावे लागते ते ऐका. पहिल्या तीन आठवड्यांत पिल्लाला स्वतःहून लघवीसुद्धा करता येत नाही. आई पोट चाटते तेव्हा होते. आई नसेल तर ओल्या कापसाने प्रत्येक वेळी ते करावे लागते. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध पाजावे लागते. अंगाची ऊब त्यांना स्वतःला राखता येत नाही. हे सर्व चार पिल्लांचे करायचे तर घरातली दोन माणसे रात्रपाळीला लावावी लागतील. मांजरी ते फुकटात करते. "मांजरीचे दात तिच्या पिल्लांना लागत नाहीत" ही आपली म्हण. ज्या दातांनी ती उंदीर धरते त्याच दातांनी मानेची कातडी धरून पिल्लू उचलते, आणि पिल्लू हातपाय आवळून निमूट लोंबकळते. असे तयार दाईघर हाकलून देऊन आपण ड्रॉपर घेऊन बसायचे, यात शहाणपण कुठले?

म्हणून तिसरे मत तत्त्वाने बरोबर होते. पण दहा दिवस ढोल, झांजा, लाउडस्पीकर आणि शंभर मुलांची धावाधाव त्या खोलीच्या दाराशी चालणार होती. मांजरीने तिथून बिऱ्हाड हलवलेच असते, आणि कुठे, ते आपल्याला कळले नसते. तेव्हा हलवायचे, पण आईसकट, एकाच वेळी, आणि एकाच बंद खोलीत, असे ठरले. खोली आमच्या घरची. सून पाच महिन्यांची गरोदर, सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या, आणि घरात गणपती बसणार. पण खोली रिकामी होती ती आमचीच.

हलवण्याची रीत सांगते. भाजीवाल्याच्या जाळीदार प्लास्टिकच्या क्रेट असतात ना, तशा दोन आणल्या. मांजरी सकाळपासून उपाशी होती. एका क्रेटमध्ये खाणे ठेवले, ती आत गेली, वरून दुसरी क्रेट पालथी घालून सुतळीने बांधली. वर चादर टाकली, कारण अंधारात मांजर शांत होते. मग पिल्ले त्यांच्या अंथरुणाच्या फडक्यासकट खोक्यात घेतली. ते फडके महत्त्वाचे. त्याला तिचा वास असतो. घरी आल्यावर खोलीच्या कोपऱ्यात आडवे खोके, त्यात सासूबाईंचे जुने सुती लुगडे, त्यावर ते फडके आणि पिल्ले. पाणी, खाणे आणि वाळूची पाटी दुसऱ्या कोपऱ्यात. खिडकी बंद, कूलर बंद. मग क्रेट उघडून आम्ही सगळे बाहेर. ती दीड तास कपाटामागे बसली. त्यानंतर दाराच्या फटीतून पाहिले तर खोक्यात आडवी होऊन पिल्लांना पाजत होती. नातेवाइकांच्या मुलांनी तिचे नाव मनी ठेवले. मराठी घरात मांजरीला दुसरे नाव सुचत नाही!

आमचे हे डिझेल शेडमधून निवृत्त झालेले. त्यांनी लगेच एक रजिस्टर आखले. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेऊन रोज सकाळी आठला, मनी जेवत असताना, पिल्लांचे वजन. हा उद्योग हसण्यावारी नेऊ नका. पिल्लू आजारी पडते आहे हे डोळ्यांना दिसण्याच्या एक-दोन दिवस आधी काट्याला कळते. जन्मताना पिल्लू साधारण शंभर ग्रॅमचे असते आणि रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढले पाहिजे. एक दिवस वजन थांबले तर लक्ष ठेवायचे, घटले तर डॉक्टर. आमची पहिल्या दिवशीची नोंद १४०, १३२, १२८ आणि ९५ ग्रॅम.

आता मनीच्या जेवणाचा प्रश्न. सर्वांचा सल्ला एकच, दूध द्या. मांजर आणि दूध ही जोडी आपल्या डोक्यात इतकी पक्की आहे की "मांजर डोळे मिटून दूध पिते" ही म्हणच झाली. पण मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दुधातली साखर पचत नाही आणि जुलाब होतात. पिल्लांना तर गाईचे दूध पुरतही नाही, कारण मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त प्रथिने असतात. अनाथ पिल्लांसाठी तयार पावडर मिळते, तीच वापरावी. आणि पाजताना पिल्लू उताणे धरू नये, दूध श्वासनळीत जाते. पोटावर ठेवून, मान किंचित वर, असे पाजावे. गार पडलेल्या पिल्लाला कधीही आधी दूध पाजू नये. आधी ऊब, मग दूध.

मोठ्या मांजरीला मांस लागतेच. यात आवडीनिवडीचा भाग नाही. टॉरिन नावाचा एक घटक मांजरीच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो मांसामाशांतूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळे जातात आणि हृदय मोठे होऊन निकामी होते. कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यांनी १९८७ साली हे हृदयविकाराचे कारण दाखवून दिले आणि टॉरिन दिल्यावर मांजरे बरी होतात हेही दाखवले. त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात टॉरिन वाढवले गेले. चार पिल्लांना पाजणाऱ्या मांजरीला तर नेहमीच्या दुपटी-तिपटीने खाणे लागते. वरणभात किंवा दूधपोळीवर तिचे भागत नाही.

आमचे घर शाकाहारी. त्यात गणपती यायचे. मी काही बोलायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, "देवाने तिला ते दात वरणभातासाठी दिलेले नाहीत. तिचा शिधा तिच्या खोलीत, आपला नैवेद्य आपल्या घरात. दोन्ही देवाचेच." प्रश्न मिटला. पिल्लांसाठीचे तयार कोरडे खाद्य बाजारात मिळते, ते बाळंतिणीलाही चालते, कारण त्यात ताकद जास्त असते. त्याची वाटी, चमचा, फडके, सगळे वेगळे. खोलीतून आल्यावर साबणाने हात. दहा दिवस पूजेत काही उणे पडले नाही.

दुसरा प्रश्न सुनेचा होता आणि तो जास्त गंभीर. शेजारपाजारच्या बायका येऊन सांगून गेल्या, गरोदर बाईच्या घरात मांजर नको, मूल आंधळे होते. ही भीती अगदीच निराधार नाही. मांजरीच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू पसरू शकतो आणि गरोदरपणात त्याचा पहिला संसर्ग झाला तर बाळाला धोका असतो. म्हणून आम्ही सरळ डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांगितले ते असे. विष्ठा पडल्यावर तो जंतू लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून वाळूची पाटी रोजच्या रोज साफ केली तर धोका फारच कमी होतो. ती गरोदर बाईने साफ करू नये, दुसऱ्याने करावी. आणि हा जंतू मांजर कुरवाळल्याने येण्यापेक्षा न धुतलेल्या भाजीतून, बागेतल्या मातीतून आणि कच्च्या राहिलेल्या मांसातून येण्याचा संभव जास्त. तेव्हा भाज्या धुवा, मातीत हात घालताना हातमोजे घाला. सुनेने खोलीत पाऊल ठेवले नाही. पाटी आमचे हे साफ करत आणि रजिस्टरात सही करत. माझा नातू आज आठ महिन्यांचा आहे, आणि तो आता या सभेत माझ्यापेक्षा मोठ्याने बोलतो आहे, ते तुम्ही ऐकताच आहात.

आता चौथ्या पिल्लाचे सांगायला हवे. ९५ ग्रॅमचे ते. दुसऱ्या दिवशी ९८, मग १०१, मग १०१च. इतर तिघे त्याला ढकलून आचळ धरत. आम्ही त्याला एकट्याला आईजवळ लावू लागलो. डॉक्टरांच्या सांगण्यावरून पावडरचे दूध सिरिंजने थेंब थेंब दिले, कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली. रविवारी बाकीच्यांचे डोळे उघडू लागले. सोमवारी, २ सप्टेंबरला, त्याचे वजन ९६ भरले, आणि त्या रात्री ते गेले. मनीने त्याला बराच वेळ चाटले, मग तिघांकडे वळली. यांनी रजिस्टरात चौथ्या रकान्यात रेघ ओढली आणि त्या दिवशी जेवले नाहीत. अंगणात पारिजातकाखाली पुरले.

हे मी मुद्दाम सांगते आहे. बेवारशी मांजरीची सगळी पिल्ले जगत नाहीत, काळजी घेतली तरी नाहीत. काही जन्मतःच आतून दुबळी असतात. त्यामुळे "मला नाही बाई हे बघवत" म्हणून मागे सरणारे पुष्कळ असतात. पण आपण न पाहिल्याने पिल्लू जगत नाही. फक्त ते आपल्या नजरेआड मरते.

बाकीच्या तिघांनी मात्र उत्सव साजरा केला! चतुर्थीला ती जेमतेम अडीच आठवड्यांची, पोटावर सरकणारी. गौरी आल्या तोवर लटपटत उभी राहू लागली. अनंतचतुर्दशीला, १७ सप्टेंबरला, एकाने बाप्पांच्या विसर्जनाच्या वेळी खोक्यातून उडी मारून पहिला सहलीचा कार्यक्रम केला. चार आठवड्यांपासून भिजवलेले मऊ खाणे सुरू केले, आणि वाळूची पाटी आईला पाहून आपोआप शिकली.

या दिवसांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत पिल्लू ज्याला भेटते त्याला आयुष्यभर आपला समजते. या काळात रोज थोडा वेळ माणसाचा हात, आवाज, मिक्सरची घरघर, मुलांचे हसणे याची सवय झाली तर ते घरात राहू शकते. तो काळ गेला की तेच पिल्लू रानटी राहते आणि त्याला घर मिळणे कठीण. म्हणून पहिले दोन आठवडे फक्त वजनापुरते हात लावणे आणि त्यानंतर रोज मांडीवर, असा आमचा नेम होता. मुलांना तीन नियम होते. जमिनीवर बसूनच घ्यायचे, झोपलेले उठवायचे नाही, आणि ओरखडा आला तर लपवायचा नाही. बेवारशी मांजराने ओरबाडले किंवा चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लशीचे विचारायचे. यात हयगय नको. रेबीज कुत्र्यापासूनच होतो असे नाही.

घरातल्या काही वस्तू मांजराला विष आहेत, त्याही सांगते. आपली तापाची साधी पॅरासिटामॉल, अर्धी गोळीसुद्धा, मांजराचा जीव घेते. ताप आला म्हणून कधीही देऊ नका. फिनाईलने पुसलेल्या फरशीवरून चालून ते पाय चाटते, म्हणून त्या खोलीत नुसते साबणाचे पाणी. डांबरगोळ्या नकोत. कुत्र्याच्या गोचिडांवरचे परमेथ्रिनचे औषध मांजराला लावू नका. फुलदाणीतले लिलीचे फूल मूत्रपिंड निकामी करते. आणि दोरा, मांजा, मखराची जरीची झालर, हे गिळले तर आतडी कापली जातात. आरासीचे उरलेले सामान उचलून ठेवायला हे एक जास्तीचे कारण समजा.

आता सगळ्यांत महत्त्वाचा भाग. पिल्ले खेळू लागली, फोटो झाले, कौतुक झाले, की लोकांना वाटते काम संपले. खरे तर निम्मेच झालेले असते. कोजागिरीच्या सुमारास पिल्ले आठ आठवड्यांची झाली. जंताचे औषध आणि पहिली लस झाली. रेबीजची लस तीन महिन्यांना. मग घरे पाहायची. दोन भावंडे एकत्र ग्वाल्हेरला लष्करातल्या एका मराठी कुटुंबात गेली, कारण जोडीने राहिली की एकमेकांशी खेळतात आणि घरातल्या पडद्यांची कमी नासधूस करतात. तिसरे नगऱ्याला आमच्या वर्कशॉपच्या एका सहकाऱ्याकडे. देताना अटी होत्या: गच्चीच्या कठड्याला आणि खिडकीला जाळी, लशी वेळेवर, सहा महिन्यांच्या आत नसबंदी, आणि नको झाले तर रस्त्यावर न सोडता आमच्याकडे परत. मुलगी दिल्यासारखे प्रश्न विचारता, असे एक जण म्हणाले. मी म्हटले, बरोबर, तसेच विचारते आहे.

आणि मनीची नसबंदी. यावर घरी खूप चर्चा झाली. निसर्गाच्या कामात आपण का पडावे, असे काहींचे म्हणणे. साधा हिशेब मांडते. मांजरीचे गरोदरपण सुमारे नऊ आठवड्यांचे. पिल्ले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. तिची मुलगी चार-पाच महिन्यांची झाली की तीही. म्हणजे आज आपण एक खोके सांभाळले आणि आईला तशीच सोडली, तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत याच कोठीत तीन खोकी असतील. आणि त्यांतली बहुतेक पिल्ले चौथ्या पिल्लाच्या वाटेने जातील, रजिस्टराशिवाय. नोव्हेंबरात, तिचे दूध आटल्यावर, डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली. डाव्या कानाचे टोक किंचित कापले. जगभर ही खूण मानतात, म्हणजे पुन्हा कोणी तिला धरून टाके शोधत बसत नाही. दहा दिवस खोलीत ठेवली. मग दार उघडे ठेवले. ती गेली, दोन रात्री आली नाही, तिसऱ्या दिवशी आठ वाजता वजनाच्या वेळेला येऊन काट्याशेजारी बसली. आता ती आमच्या अंगणात असते.

मंडळी, हे फॅड आजचे आहे असे कोणी समजू नये. आपल्यापैकी काही जण परळ वर्कशॉपमधून बदलून इथे आलेले आहेत. परळचे 'बैलघोडा हॉस्पिटल' तुम्ही पाहिले असेल. ते बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय १८८३ सालचे, म्हणजे आपल्या झाशीच्या वर्कशॉपपेक्षाही जुने. सार्वजनिक गणेशोत्सवापेक्षाही दहा वर्षांनी जुने! नाव बैलघोड्यांचे, पण मांजरेही तिथे बरी होत आली. जनावरांना क्रूरपणे वागवण्यास बंदी करणारा १९६० चा कायदा झाला, त्यामागे राज्यसभेत खासगी विधेयक आणणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल होत्या, भरतनाट्यमच्या थोर कलावंत. आणि अमरावतीला बुकॅनन नावाचे सिव्हिल सर्जन होते. प्लेगच्या त्या भयंकर काळात त्यांनी वऱ्हाडातल्या गावांची पाहणी केली आणि १९०८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिले की ज्या गावांत घरोघर मांजरे आहेत तिथे प्लेग कमी दिसतो. उंदीर कमी, म्हणून पिसवा कमी, असा तो हिशेब. बाप्पांच्या वाहनाची क्षमा मागून हे सांगते.

धर्माचे म्हणाल तर आपल्याकडे मांजर मारली तर काशीला सोन्याची मांजर दान द्यावी असे म्हणत. इथे शाळेत शिकलेल्या मुलांनी भगवतीचरण वर्मांची 'प्रायश्चित्त' ही गोष्ट हिंदीच्या पुस्तकात वाचली असेल. पंडितजी सोन्याच्या तोळ्यांची घासाघीस करत असतात आणि मेलेली समजलेली कबरी मांजर उठून पळून जाते! आपल्या बंगाली शेजाऱ्यांकडे तर मुलांचे रक्षण करणाऱ्या षष्ठी देवीचे वाहनच मांजर आहे. आपण सहाव्या दिवशी सटवाई पुजतो, तिचीच ही बहीण म्हणा. बाळंतीण आणि बाळ यांच्या रक्षणाशी मांजर जोडणाऱ्या त्या बायकांनी मांजरीला पिल्ले हलवताना पाहिले असणार, असे मला वाटते.

आपण झाशीतली मराठी माणसे. काही घराणी नेवाळकरांच्या काळापासूनची, काही रेल्वेबरोबर आलेली. बदलीचा हुकूम आला की विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? आपल्या आयांनी कडेवर मूल घेऊन परक्या गावात खोली शोधली आहे आणि कोणीतरी कधीतरी ओसरी दिली आहे. मनीने मागितले ते तेवढेच: आठ आठवड्यांची एक खोली. दया म्हणजे उचलून आणणे एवढेच नव्हे. आणल्यावर मुदत संपेपर्यंत निभावणे, आणि पुन्हा तीच वेळ तिच्यावर येऊ नये अशी सोय करणे.

म्हणून मंडळापुढे माझ्या तीन मागण्या आहेत. कोठी उत्सवाच्या दोन आठवडे आधी नव्हे, दोन महिने आधी एकदा उघडून पाहावी, आणि खिडकीची फुटलेली जाळी बदलावी. सूचनाफलकावर गावातल्या पशुवैद्यांचा फोन लावावा. आणि वर्गणीतून दर वर्षी दोन-तीन बेवारशी मांजरांच्या नसबंदीचा खर्च बाजूला काढावा. आरासीतल्या दिव्यांच्या दोन माळा कमी केल्या तरी ते होईल. हिशेब मी ठेवीन, आणि रजिस्टर आखायला आमचे हे तयार आहेतच.

 बालगोपाळांनी प्रसादाच्या वेळी मागच्या अंगणात गर्दी करू नये, एवढी विनंती.

गणपती बाप्पा मोरया!